क्युअरचा जुना अर्थ

अर्धांगवायूच्या झटक्याने बायकोची वाचा बसली होती. शब्दकोश करणाऱ्या नवऱ्याने मात्र डोक्यात घेतलं होतं, की दोघांच्या आवडीचा इंग्रजी शब्दांचा खेळ पुन्हा मांडला, की ती बोलेलच. सकाळपासून तो उशाशी ठाण मांडून होता.

"क्युअर, सिक्युअर, ॲक्युरेट! सगळ्यांच्या पोटात सी-यू-आर. त्याचा जुना अर्थ काय? तूच सांगायचीस ना? बोल की गं!" तो काकुळतीला आला.

ती त्याच्या खांद्यावरून पलीकडे टक लावून बघत होती.

"काळजी! नुसतं म्हण, काळजी!" तो ओरडलाच.

लेक धावत आली. आईची नजर बघून तिने टेबलावरचा पेला नि चमचा उचलला.

"बाबा, सरका. तिला पाणी हवंय."