शुद्धिपत्राची वाट

माझ्या बहुतेक पानांच्या कडा सारख्याच पिवळ्या आहेत. एकाच पानाची कडा काळपट आहे आणि ती बोटाला किंचित मऊ लागते. इतर पानांपेक्षा ते पान फार वेळा उघडलं, आणि दर वेळी तसंच मिटलं.

मित्रांनो, मी एका खगोल संस्थेच्या संशोधनपत्रिकेचा जुना अंक आहे. परभणीतल्या एका महाविद्यालयात, भौतिकशास्त्र विभागाच्या कपाटात राहतो. माझ्यात गोष्टी नाहीत, ताऱ्यांची मापं आहेत. माझा प्रत्येक लेख अनोळखी तज्ज्ञांनी तपासला, तेव्हा कुठे मला शाई लागली.

त्या काळपट पानावर उत्तराबाईंचा लेख आहे. त्या इथेच शिकवतात. पोखर्णीला माहेरच्या गच्चीवरून त्यांनी एका जोडताऱ्याचा अभ्यास केला. त्यातला एक तारा दुसऱ्याच्या आड गेला की उजेड मंदावतो. हे मंदावणं पूर्वीपेक्षा लवकर होऊ लागलं आहे, असं त्यांनी लिहिलं. मी टपालाने आलो तेव्हा बाईंना शाल-श्रीफळ मिळालं. मला हार घातला नाही, एवढंच.

पण लेखात चूक होती. जगभरच्या नोंदी जुळाव्यात म्हणून आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करून वेळ लिहायची, अशी आमच्यात रीत आहे. एका पहाटेच्या नोंदीतून बाईंनी ते तास दोनदा वजा केले. नोंद संध्याकाळची असती, तर वेळ भरदुपारची निघाली असती आणि दुपारी तारा कुठून दिसला, असं तज्ज्ञांनी विचारलं असतं. पण पहाटेची होती. वजा होऊनही रात्रच राहिली. कुणाला शंका आली नाही. तारा लवकर मंदावत नव्हताच.

बाईंना ही चूक पुढच्याच वर्षी सापडली. अशा वेळी लेखकाने चार ओळींचं शुद्धिपत्र पाठवायचं, संस्था ते पुढच्या अंकात छापते. माझ्या कितीतरी भावंडांच्या शेवटच्या पानावर अशी शुद्धिपत्रं आहेत. त्यांच्या लेखकांना कुणी नावं ठेवली नाहीत. बाई मात्र स्वतःशी "दिवाळीनंतर" म्हणाल्या. मग "परीक्षा झाल्या की". दरम्यान नवे अंक संगणकावर येऊ लागले आणि आमचं कपाट कुणी उघडेनासं झालं. बाई तेवढ्या येत, मला मांडीवर घेऊन तेच पान उघडत. लेखाचं कुणी कौतुक केलं की त्या चष्मा पुसू लागत, आणि मला वाटे, या पानाला वाळवी लागली तर बरं.

यंदा पाथरीहून एसटीने येणाऱ्या ईश्वरीने प्रकल्पासाठी तोच तारा घेतला. काल मला कपाटातून काढून बाईंच्या टेबलावर ठेवलं आणि ती समोर उभी राहिली.

"मॅडम, जुळंनाच. तारा मंद व्हायलाय, पण तुमच्या लेखातल्या हिशोबानं न्हाई. किती रात्री जागले! आई म्हणती, पोरगी घुबड व्हायलीय."

शेजारच्या टेबलावरून विभागप्रमुख गोविंदराव हसले. "ईश्वरे, तो लेख तज्ज्ञांनी तपासलाय. तू आधी तुझं घड्याळ तपास. छापलेलं खोटं अन् तुझं खरं व्हय गं?"

"तेच म्हणायले, सर. मला हे जमायचं न्हाई. ह्या नोंदी फाडून टाकते अन् विषयच बदलून घेते."

तिने कागद दोन्ही हातांत धरले. बाईंचा हात माझ्या मुखपृष्ठावर होता.

मित्रांनो, आम्हाला धुळीपासून जरूर जपा. पण आमच्या पोटात राहिलेली चूकही तशीच राहू देऊ नका. आमच्यावर विश्वास ठेवून कुणीतरी आपलं खरं काम फाडायला निघतं.

बाई उभ्या राहिल्या.

"फाडू नकोस, ईश्वरी. तुझं घड्याळ बरोबर आहे. माझ्या लेखात साडेपाच तास दोनदा वजा झालेत, आणि मला ते कधीपासून माहीत आहे. सर, तुम्हीही ऐका. शुद्धिपत्र मी आज पाठवते."