अव्वासारखी

दाक्षायणीला आईचा चेहरा आठवत नव्हता. ती चार वर्षांची असताना आई काविळीनं गेली. घरात आईचा एकही फोटो नव्हता. लग्नातला एक होता, तो कुणा नातेवाइकानं बघायला म्हणून नेला आणि परत आणलाच नाही. घरात कन्नड बोलायचे, त्यामुळं आईला ती अव्वा म्हणायची. बाकी आठवायचं ते सगळं पाठमोरं. चुलीपुढं वाकलेली पाठ, मानेवर उतरलेला अंबाडा, आणि मागं हात करून तिला जवळ ओढणं.

याचं तिला फार वाईट वाटायचं नाही. वडील, ईश्वरप्पा, नेहमी सांगायचे, "आरशात बघ. तुझी अव्वा अशीच होती, हुबेहूब." गिरणीतून दमून आले तरी सांगायचे. तिनं लग्न केलं नाही, अप्पांबरोबरच राहिली. अव्वा ज्या वयात गेली ते तेहेतिसावं वर्ष तिला लागलं तेव्हा शाळेच्या ऑफिसात कामाला निघण्यापूर्वी ती आरशासमोर रोज जरा जास्तच उभी राहायची. पुढं केस पांढरे झाले, चष्मा लागला, गाल ओघळले, आणि आरशातली अव्वा दिसेनाशी झाली. दोन वर्षांपूर्वी अप्पाही गेले. आता ती बावन्न वर्षांची होती.

मे महिन्यात सोलापुरातल्या एका छोट्या कलादालनात वेणीमाधव या चित्रकाराचं प्रदर्शन लागलं. ते निवृत्त ड्रॉइंग मास्तर. दालनाच्या एका कोपऱ्यात ते दुपारभर समोर बसेल त्याचं चित्र काढत. सुट्टीमुळं ऑफिस एक वाजता सुटायचं. दाक्षायणी दोन दिवस नुसती बघून गेली. तिसऱ्या दिवशी पुढं झाली.

"सर, मला माझ्या आईचं चित्र हवंय."

"फोटो आणलाय?"

"फोटो नाहीये. मी तिच्यासारखी दिसते. माझ्यावरून काढाल?"

वेणीमाधवांनी चष्मा वर सरकवला. "ताई, मी समोर असतं तेच काढतो."

"माझ्या वयातली वीस वर्षं तेवढी कमी करा."

ते हसले नाहीत. त्यांनी खुर्ची खिडकीकडं वळवली आणि म्हणाले, "बसा."

चार दुपारी ती बसली. इरकली साडी नेसून, चष्मा काढून मांडीवर ठेवून. इतका वेळ तिच्याकडं कुणी कधी बघितलं नव्हतं. पहिल्या दिवशी मान आखडली, पायाला मुंग्या आल्या. मागून लोक यायचे, एकदा तिच्याकडं आणि एकदा कॅनव्हासकडं बघून कुजबुजायचे. वेणीमाधव मधूनच विचारायचे, "नाकात काय घालायच्या? केस कसे होते?" तिला सांगता यायचं नाही. मग ती म्हणायची, "माझ्यासारखेच असणार."

चौथ्या दिवशी त्यांनी कॅनव्हास तिच्याकडं वळवला. तिनं चष्मा लावला. लांबट चेहऱ्याची, धारदार नाकाची एक तरुण बाई तिच्याकडं बघत होती. दाक्षायणीच्या तोंडून हलकेच "अव्वा" असं निघालं. वेणीमाधव उठून पाणी प्यायला गेले.

तिनं लगेच मैंदर्गीला फोन लावला. तिथं तिची मावशी राहायची, सुंदरम्मा. अव्वाची धाकटी बहीण म्हणून दाक्षायणी तिला चिक्कव्वा म्हणायची. पंच्याहत्तरीची म्हातारी दुसऱ्या दिवशी एसटीनं आली. दाक्षायणी तिला हाताला धरून चित्रापुढं घेऊन गेली.

म्हातारीनं बराच वेळ बघितलं. "लई झ्याक काढलंय," ती म्हणाली. "पर हे तुझ्या आज्जीचं कशाला काढलंस?"

"कुठली आज्जी?"

"ईश्वरप्पाची आई की. तसंच नाक."

"चिक्कव्वा, ही अव्वा आहे."

"न्हाय गं. अक्का गोल तोंडाची. सावळी. दात जरा पुढं होते, म्हणून हसताना पदर लावायची."

दाक्षायणी खुर्चीवर बसली. "पण अप्पा तर म्हणायचे, हुबेहूब."

सुंदरम्मा तिच्याजवळ येऊन बसली. "तू लई रडायचीस. जेवायची न्हाईस, झोपायची न्हाईस. एक दिवस त्यानं तुझ्या हातात आरसा दिला आन् म्हटला, ही बघ अव्वा. तू गप झालीस. मग आमाला सगळ्यांस्नी बजावलं, पोरीला कुणी काय बोलायचं न्हाय."

"अठ्ठेचाळीस वर्षं?"

"समद्यांच्याच जिवावर यायचं सांगायला."

वेणीमाधव सगळं ऐकत होते. ते कागद आणि पेन्सिल घेऊन आले. "आजी, तुम्ही सांगा, मी काढतो."

म्हातारी सांगत गेली. त्यांनी गोल चेहरा काढला. "असं न्हाय," ती म्हणाली. त्यांनी खोडलं. डोळे बदलले, कपाळ कमी केलं. तासभरानं तिनं त्यांचा हात धरून थांबवला. "ऱ्हाऊ द्या सर. मला बी नीट दिसंना झालंय. सांगाया गेलं की निसटतंय."

दाक्षायणीनं कागद हातात घेतला. खोडून खोडून तो मधोमध काळपट झाला होता. "चिक्कव्वा, माझ्यात तिचं काहीच नाही? हात, चालणं, काहीतरी?"

सुंदरम्मानं तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. तिचे डोळे भरले होते. "न्हाय बाळा. आता खोटं कशाला बोलू?"

संध्याकाळच्या गाडीत म्हातारीला बसवून दाक्षायणी घरी गेली. आरशासमोर गेली नाही. अप्पांचा राग यावा म्हणून ती वाट बघत राहिली, पण आठवत राहिले ते गिरणीतून आलेले, हातपाय न धुताच तिच्याशेजारी बसलेले अप्पा. अव्वा गेली तेव्हा ती लहान होती, रडून मोकळी झाली असेल. आता जिच्यासाठी रडायचं, त्या बाईचा चेहराच माहीत नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा कलादालनात गेली.

"सर, वीस वर्षं परत घाला," ती म्हणाली. "पांढरे केस, चष्मा, सगळं. माझंच चित्र असू दे."

वेणीमाधवांनी ब्रश धुतले आणि कामाला लागले. ती बसली, पण आज तिची नजर ठरेना. दालनाचं दार सारखं उघडत होतं. शाळकरी मुली, नव्यानं लग्न झालेली जोडपी, पोरं कडेवर घेतलेल्या बाया आत येत होत्या. एखादी सावळी, गोल चेहऱ्याची दिसली की दाक्षायणी तिच्याकडं बघत राहायची. हसते कशी, दात कसे दिसतात, तोंडावर हात नेते का.

"ताई, इकडं बघा."

"हो सर," ती म्हणायची, आणि दार वाजलं की पुन्हा तिकडं वळायची.

तीन-चारदा सांगून झाल्यावर वेणीमाधवांनी सांगायचं सोडलं. त्यांनी चित्रातले डोळे पुसून काढले आणि ते दाराकडं वळलेले रंगवायला घेतले.