मांजराचा रोग

एरमेकने मांजर शेपटीला धरून गोठ्याच्या भिंतीवर आपटलं. नुर्झात किंचाळली, तशी तोच हात त्याने तिच्या तोंडावर हाणला. तिचा दात बर्फावर पडला. मी त्याची थोरली वहिनी. हातात दुधाची बादली होती, तीच मी त्याच्या डोक्यात घातली.

नुर्झात त्याची बायको, माझी धाकटी जाऊ. दिवस राहून दुसऱ्याच महिन्यात तिचा गर्भ पडला. नारीन शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, "पहिलीच वेळ आहे. पुष्कळजणींचं होतं असं, तिची चूक नाही. तपासण्या नकोत, नीट खाऊ घाला." पण आमच्या सासूबाईंना, म्हणजे आपांना, दोष हवा होता, तोही सुनेचाच. खाजगी दवाखान्यात नेऊन त्यांनी तिच्या होत्या नव्हत्या त्या सगळ्या तपासण्या करवल्या. एकीत निघालं की, मांजरापासून होणारा कसलासा रोग तिला कधीकाळी होऊन गेलाय.

"जुनं आहे ते. निम्म्या गावाच्या रक्तात सापडेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ऐकतंय कोण!

"सडकी पोर गळ्यात मारली आमच्या!" आपा गरजल्या. "शुक्रवारी माहेरी टाकून ये हिला."

ती गेली तर या घरात मला माणूस म्हणून कोणी उरणार नव्हतं. गुडघे दाखवू म्हणून मी आपांना शहरात नेलं आणि तिथे आम्हा दोघींचंही रक्त तपासून घेतलं.

शुक्रवारी शेजाऱ्याची गाडी दारात, नुर्झात बोचक्यासकट आत. मी सगळ्यांसमोर कागद फडकवले.

"हा माझा. चार पोरं झाली मला. हा आपांचा, त्यांना सहा. मांजराचा रोग दोघींच्याही रक्तात! एरमेक, आता कुणाला हाणतोस? हाण की!"

आपांनी पायातला जोडा काढून एरमेकलाच बडवलं. "मेल्या, आईची अब्रू वेशीला टांगलीस!" मग गाडीकडे वळून गोड आवाजात, "उतर गं पोरी, चहा टाक."

नुर्झातचं तोंड अजून सुजलेलं होतं. "कागद बघून हाकललंत, आता कागद बघून ठेवून घेताय?" ती म्हणाली. "दादा, गाडी काढा."

एरमेकने दार धरलं. तिने ते त्याच्या बोटांवर आपटलं, उघडलं, पुन्हा आपटलं. तो बोंबलत खाली बसला.

तिला ठेवून घ्यायला मी एवढी भांडले होते. गाडी हलली तेव्हा मी रडत रडत ओरडले, "जा बाई, मागे बघू नकोस!"