बंद न झालेला माइक

ज्या सकाळी कॉइन गेलं, त्या सकाळी मी गोडादरा वस्तीतल्या सुकदेवभाऊंच्या खोलीत फळीवर होतो. सुकदेवभाऊ बमरोलीच्या कापडाच्या लूमवरून रातपाळी करून आले, तर त्यांची मुलगी हर्षदा त्यांचा मोबाइल घेऊन दारातच उभी. ती घाबरली की गुजरातीत बोलते.

"पप्पा, खुलतुं नथी."

"नेट नसेल."

"नेट छे. ॲपच बंद आहे. सगळ्यांचंच."

सुकदेवभाऊंनी डबा खाली ठेवला. मग भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं आणि खाटेवर बसले. फोटो त्यांच्या बायकोचा, कलाबाईंचा आहे. त्या जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

मित्रांनो, मी एक जुना माइक. माझी जाळी एका बाजूने चेपली आहे आणि माझ्या बटणावर पिवळा धागा गुंडाळलेला आहे. तो धागा माझा दागिना आहे. त्याची गोष्ट ऐका.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. मला आठवतो तो उधन्याचा जुना बाजार. तिथे मी तुटक्या पंख्यांमध्ये पडून होतो. गोडादऱ्यातल्या खानदेशी बायकांनी वर्गणी काढून मला आणि माझ्या आवाजाच्या पेटीला विकत घेतलं. दर श्रावणात त्यांच्या घरी कानबाई बसते. चौरंगावर नारळ मांडतात, त्याला देवीचं रूप देतात, दागिने घालतात आणि रात्रभर गाणी म्हणतात. दुसऱ्या दिवशी वाजतगाजत तापीवर नेऊन तिला निरोप देतात.

गाणी कलाबाई सांगायच्या, बाकीच्या मागून म्हणायच्या. माझं बटण ढिलं होतं. गाणं रंगात आलं की ते आपोआप खाली सरकायचं आणि मी मुका व्हायचो. एकदा तर ऐन आरतीत असं झालं. कलाबाईंनी सुकदेवभाऊंना लूमच्या खात्यातून धागा आणायला लावला, बटण वर सरकवून त्यावर घट्ट गुंडाळला आणि गाठ मारली. म्हणाल्या, "आता बंद होऊन दाखव." त्या दिवसापासून मला बंद करायचं तर पेटीच बंद करावी लागते.

कलाबाई देवीशी भांडायच्यासुद्धा. पुरण कमी पडलं की माझ्यातूनच सांगायच्या, "आवंदा एवढंच शे माय, रुसू नको." बायका हसून लोटपोट व्हायच्या. काय दिवस होते ते!

मग कलाबाई आजारी पडल्या आणि गेल्या. मी फळीवर गेलो. माझ्यावर धूळ बसली. सुकदेवभाऊ कामावरून यायचे, जेवायचे, झोपायचे. घरात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं.

शेजारच्या बळीरामभाऊंनी त्यांना उठवलं. "रविवारी चल माझ्यासोबत. घरात बसून काय करशील? आणि तुझा माइक पण घे, सरांना लागतो."

असा मी कॉइनच्या सभेत गेलो. हे नाणं हातात येत नाही, नुसतं मोबाइलवर दिसतं. सभा घेणाऱ्याचं नाव वैभव. तोही खानदेशीच, गोड बोलणारा. त्याने सुकदेवभाऊंना पहिल्याच दिवशी नावाने हाक मारली, पुढे बसवलं. साऱ्यांनी त्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या. घरी किती दिवसांत त्यांना कुणी अशी हाक मारली नव्हती. त्यांनी साठवलेलं सगळं कॉइनमध्ये घातलं.

मित्रांनो, तुम्ही म्हणाल, तू दोन्ही ऐकलंस, कानबाई पण आणि कॉइन पण. दोन्ही सारखंच का? खरं सांगतो, आधी मला फरक कळला नाही. इथेही लोक हात वर करून ओरडायचे. इथेही एकेक जण उठून 'अनुभव' सांगायचा. शंका घेणाऱ्याला इथे पापी म्हणत नसत, 'निगेटिव्ह' म्हणत, पण नजर तीच. बळीरामभाऊ तर रोज आंघोळ करून मोबाइल देव्हाऱ्यासमोर ठेवायचे. एक गोष्ट मात्र मला खटकायची. कॉइनची थट्टा कुणी करत नव्हतं.

ॲप बंद पडल्यावर मला वाटलं, आता सभा मोडणार. पण पुढच्या रविवारी हॉल आणखी भरला. वैभव म्हणाला, "देव भक्ताची परीक्षा घेतो ना? कॉइन आपली परीक्षा घेतंय. आता जो पुन्हा घालेल, त्याचं जुनं पण खुलेल. रोख नसेल तर सोनं चालेल. डरना नहीं!"

टाळ्या पडल्या. सुकदेवभाऊंनी खिशातून कागदाची पुडी काढली. आत कलाबाईंची नथ होती. तीच नथ दर श्रावणात कानबाईला घालत. हर्षदा मागे माझ्या पेटीजवळ बसली होती. तिने ती पुडी पाहिली आणि तिचे डोळे भरून आले.

तेवढ्यात ती पुडी पाहून सखुबाई उठल्या. या बळीरामभाऊंच्या पत्नी. "सर, माले अनुभव सांगना शे."

"या मावशी, या!" वैभवने आनंदाने मला त्यांच्या हातात दिलं.

सखुबाईंनी मला तोंडाजवळ धरलं. "भाऊ, माले एक सांग. तुनं कॉइन कधी काही परत देस का?"

साऱ्या माना सखुबाईंकडे वळल्या. बळीरामभाऊ खालून म्हणाले, "अगं, खाली बस!"

"तुम्हीच बसा. दर रविवारी बसतसच ना!"

वैभव हसला. "मावशी, कानबाई तुम्हाला दिसते का? नाही ना? तरी मानता. मग कॉइनवरच शंका का?" असं म्हणत त्याने सखुबाईंच्या हातातच माझं बटण खाली ओढलं.

मित्रांनो, मी बंद झालो नाही! त्याने पुन्हा ओढलं. धागा हलला नाही. कलाबाईंची गाठ होती ती. त्याने हर्षदाला खूण केली, पेटी बंद कर. हर्षदाने पेटीला हात घातला आणि आवाज वाढवला.

सखुबाईंचा आवाज हॉलच्या बाहेर रस्त्यावर गेला. "आमनी कानबाई रातभर नथ घालस अन् निघाना आधी परत देस. दुसऱ्या दिवशी आम्हीच तिले तापीवर पोचाडतस. तू आमले कधी घर जाऊ देशी का? बोल ना, तुनं कॉइन हाई नथ परत देई का?"

मागून एका बाईला हसू फुटलं. मग दुसरीला. मग सगळा हॉल हसला. कॉइनच्या सभेत मी पहिल्यांदा हसणं ऐकलं. कुणीतरी ओरडलं, "सर, उत्तर द्या ना!" वैभवने लॅपटॉप मिटला आणि तो मागच्या दाराने निघून गेला. सुकदेवभाऊंनी पुडी परत खिशात घातली. माझ्यासारखा जुना माइक त्या दिवशी एका घराची नथ राखू शकला, हे मी छाती फुगवून सांगतो.

त्याच श्रावणात कानबाई बसली. तिच्या नाकात ती नथ होती. कलाबाईंची गाणी हर्षदाने सांगितली. दोन जागी चुकली, बायका हसल्या, तीही हसली. सुकदेवभाऊ दारात बसून रात्रभर ऐकत होते. सकाळी निघण्याआधी सखुबाईंनी नथ काढून हर्षदाच्या हातात ठेवली. कानबाईला तापीवर निरोप दिल्यावर सुकदेवभाऊंनी तिथेच मोबाइल काढला आणि ते ॲप काढून टाकलं.

मित्रांनो, विश्वास जरूर ठेवा. पण जिथे विश्वास ठेवायला सांगतात, तिथे माइक कधी प्रश्न विचारणाऱ्याच्या हातात जातो का, ते पाहा. आणि घरातली जुनी वस्तू टाकण्याआधी तिच्यावर कुणाची गाठ आहे, तेही पाहा. माझी धूळ आता हर्षदा पुसते.

कॉइनमध्ये गेलेले पैसे कुणालाच परत मिळाले नाहीत. त्या दिवशी तापीवर बळीरामभाऊही होते. त्यांनी मोबाइल काढला, अंगठा त्या ॲपवर ठेवला, आणि मोबाइल तसाच परत खिशात घातला. त्यांनी ते ॲप अजून काढून टाकलेलं नाही.