तोंडात तलवार धरलेला सिंह

गळ्यात सदानकदा भिंग लोंबायचं, म्हणून त्यांना सगळे भिंगताई म्हणत. जुन्या भांड्यांवर कोरलेली घराण्यांची, संस्थांची चिन्हं ओळखायची आणि कुणाला हवं तर तसंच नवं कोरून द्यायचं, हा त्यांचा धंदा.

एका सकाळी निवृत्त हेडसर दुकानात आले. मागोमाग त्यांची थोरली बहीण, आक्का. हेडसरांनी टॉवेलात गुंडाळलेली चांदीचा मुलामा दिलेली कॉफीची किटली बाळासारखी टेबलावर ठेवली.

"आमच्या घराण्याचं चिन्ह. तोंडात तलवार धरलेला सिंह! नव्या घराच्या दारावर पितळी पाटी लावायचीय, तिच्यावर हाच कोरा."

"सिंह तोंडात तलवार धरतो?" ताईंनी विचारलं.

"आमचा धरायचा," हेडसर म्हणाले. "आजोबा लढवय्ये होते."

आक्कांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

ताईंनी भिंग डोळ्याला लावलं. सिंहाची आयाळ त्यांना पटेना. ते केस नव्हतेच, वर्षानुवर्षं घासून घासून पडलेले ओरखडे होते. त्यांनी किटलीवर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी फिरवली. हळूहळू कागदावर जनावर उमटलं. आखूड पाय, चपटं डोकं, जाडजूड शेपूट. तलवारीला खवले होते आणि एक डोळाही होता.

"सर," ताई जपून म्हणाल्या, "हे पाणमांजर आहे. तोंडात मासा आहे."

"मांजर?"

"पाण्यातलं."

"म्हणून काय झालं? मांजर ते मांजरच!" हेडसरांचा चेहरा पडला. "चाळीस वर्षं मी मुलांना या सिंहाची गोष्ट सांगितली. दर वर्षी, पहिल्याच तासाला."

ताईंनी किटली उलटी केली. बुडाला काजळी घट्ट बसली होती. साबणाच्या कोमट पाण्यात जुना टूथब्रश बुडवून त्या चोळत राहिल्या, तशी अक्षरं वर आली. त्यांनी मोठ्याने वाचलं, "आमच्या बल्लवास सप्रेम भेट. गळवाले मित्रमंडळ."

आक्का फसकन हसल्या.

"आक्का, तुला ठाऊक होतं?"

"होतं की. नदीकाठी मासे पकडणाऱ्या हौशी लोकांचं मंडळ होतं ते. आजोबा तिथे स्वयंपाकी. मंडळ बंद पडलं तेव्हा सगळ्यांनी मिळून ही किटली दिली त्यांना. ते घेत नव्हते, तर मंडळींनी अक्षरशः गळ घातली."

"मग आजवर बोलली का नाहीस?"

"तू तिसरीत होतास. वर्गात भाषण ठोकून आलास, आजोबांनी तलवारीने कोणकोणाला लोळवलं त्याचं. केवढ्या टाळ्या पडल्या म्हणून उड्या मारत होतास. बाबा म्हणाले, राहू दे, मोठा झाला की कळेल. तू मोठा झालास, पण हेडसरच झालास. तुला सांगायचं कुणी?"

हेडसरांनी किटली टॉवेलात गुंडाळली आणि ते निघून गेले. ताईंना वाटलं, काम हातचं गेलं.

चौथ्या दिवशी ते एकटेच आले. डोळे जरा सुजलेले, पण आवाज नेहमीचा, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोहोचणारा.

"आजोबांना शेवटच्या वर्षांत मी बघितलंय," ते म्हणाले. "हातांवर भाजल्याच्या खुणा होत्या. मी त्यांना विचारायचो, या लढाईतल्या का? ते म्हणायचे, हो रे, रोज दोन लढाया, सकाळी आणि संध्याकाळी. मला वाटायचं, केवढा शूर माणूस."

"मग चुकीचं काय वाटलं तुम्हाला?" ताई म्हणाल्या. "पन्नास भुकेल्या माणसांपुढे रोज उभं राहायला काय कमी छाती लागते?"

हेडसर हसले. मग खिशातून त्यांनी पेन्सिलीने काढलेलं एक चित्र बाहेर काढलं. चित्रातलं पाणमांजर घुशीसारखं दिसत होतं.

"पाटीवर हेच कोरा. मासा मात्र जरा मोठा काढा."

"किटलीवर लहान आहे, सर."

"ताई, आमच्या आजोबांचा मासा आहे," हेडसर म्हणाले. "थोडा तरी वाढवा."