बंद कधी पडेल ते सांग

आईने दात करण्यात हयात घालवली होती. कवळ्या, टोप्या, खोट्या दाढा! एका टेबलावर सुरू केलेली तिची लॅब आता तीन खोल्यांत मावत नव्हती. याचा तिला अभिमान होता आणि तो ती लपवत नसे. का लपवावा?

नवी पंचाईत मात्र दातांची नव्हती. पूर्वी जबड्यांचे साचे फळीवर मांडून ठेवत. आता जबडे स्कॅन होऊन कॉम्प्युटरमध्ये येत, आणि तिथली जागा संपत आली होती. त्यात मागे एक हार्ड डिस्क मेली नि एका आजोबांना पुन्हा आ करून बसावं लागलं. आईची मान शरमेने खाली गेली होती. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. आता मोठ्या हॉस्पिटलचं काम येऊ घातलं होतं आणि त्यांची अट एकच: स्कॅन हरवता कामा नये.

थोरला मुलगा, दादा, लॅबचा व्यवहार बघायचा. त्याने एका कंपनीची चकचकीत स्टोरेजची पेटी पसंत केली. किंमत ऐकून आईला ठसकाच लागला. शिवाय ती भरली की त्याच कंपनीकडून आणखी मोठी घ्यायची.

"त्यापेक्षा साधी तीन मशीन घेऊ," धाकटी म्हणाली. ती कॉम्प्युटर इंजिनिअर होऊन लॅबमध्ये आली होती. "प्रत्येक स्कॅनच्या तीन प्रती, प्रत्येक मशीनवर एक. प्रोग्राम ओपन सोर्स आहे, जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेला, लायसनचे पैसे नाहीत. जागा कमी पडली की चौथं मशीन जोडायचं."

"फुकट ते पौष्टिक!" दादा हसला.

"फुकट कुठलं रे? डिस्क विकत घ्याव्या लागतील, आणि सांभाळायला मी राबेन ते वेगळंच."

पोरीवर आईचा भारी जीव, आणि तिथेच तर घोडं अडलं होतं. आपण लेक म्हणून हो म्हणतोय की काम बघून? चुकलं तर हॉस्पिटल हातचं जाईल आणि पोरगी कारागिरांसमोर मान वर करू शकणार नाही. आधी तीन जुन्या मशीनवर मांडून दाखव, असं तिने सांगितलं.

धाकटीने मांडून दाखवलं. आता लॅबची एक रीत होती: नवं साहित्य आलं की त्याचा पहिला दात आईने सगळ्यांसमोर हातोडीने फोडायचा. किती मार खातो ते कळल्याशिवाय कोणाच्या तोंडात काही जात नसे. हातच्या कांकणाला आरसा कशाला? आईने कारागिराला पडद्यावर एक जबडा उघडायला लावला, आणि कोणाला काही कळायच्या आत एका मशीनची वायर उपटली.

"अगं आई!" दादा ओरडला.

पडद्यावरचा जबडा क्षणभर थबकला, मग फिरू लागला. कारागिराने एका दाढेचा उंचवटा घासला, सेव्ह केलं. झालं की सेव्ह! आईचा ऊर भरून आला. त्याच जोशात तिचा हात दुसऱ्या वायरकडे गेला, तो धाकटीने पकडला.

"नको आई. दोन बंद पडली तर हरवणार काही नाही, पण उरलेल्या एकट्या प्रतीच्या भरवशावर प्रोग्राम काही सेव्ह करू देत नाही, काम थांबेल. एक परत सुरू होईपर्यंत सगळ्यांनी हातावर हात ठेवून बसायचं. हे आत्ताच सांगून ठेवते."

"बघ!" दादाने संधी साधली. "कंपनीचा माणूस म्हणाला, त्यांची पेटी बंदच पडत नाही."

"न तुटणारा दात मी अजून पाहिला नाही रे," आई म्हणाली. "असं म्हणणारे विक्रेते मात्र पुष्कळ पाहिले. हिचं घ्यायचं."

दादाने डोकं खाजवलं, पण हॉस्पिटलला फोन त्यानेच लावून दिला. पलीकडच्या बाईंनी विचारलं, स्कॅन सांभाळायची जबाबदारी कोणाची?

'माझ्या मुलीची' हे शब्द आईच्या ओठांवर आले होते. ते तिने गिळले.

"आमच्या इंजिनिअर आहेत ना," ती ताठ बसून म्हणाली, "त्यांच्याशीच बोला." आणि तिने फोन धाकटीच्या हातात दिला.