बोगस शेवटाची हेरकथा

मी एक हेरकथा बोलतेय. आधीच सांगते, माझ्यात घातपाती सापडत नाहीत. तेवढ्यासाठी मला उघडणार असाल तर खाली ठेवा. मला वाईट वाटणार नाही.

पुण्याच्या एका छापखान्यात माझा जन्म झाला. बांगलादेशाचं युद्ध नुकतंच संपलं होतं, हेरकथांना गिऱ्हाईक होतं. मुखपृष्ठ रंगवणाऱ्याने मला न वाचताच उडणारा पूल, पिस्तूल आणि काळा चष्मा रंगवून टाकला. आत माझा कॅप्टन पूल उडवू पाहणाऱ्या टोळीमागे गावोगाव हिंडतो. शेवटी खोटी दाढी लावलेला एक माणूस त्याच्या हाती लागतो. तो निघतो नाटक कंपनीतला नट. कॅप्टन त्याची माफी मागतो आणि सोडून देतो. टोळी सापडत नाही. मी संपते.

मिरजगावच्या वाचनालयात आले तेव्हा माझ्यावर उड्या पडल्या होत्या. महिन्याभरात माझं शेवटचं पान शिव्यांनी भरलं. वाचून झालं की तिथे पेन्सिलीने शेरा मारायचा, ही इथली रीतच. 'लई भिकार.' 'घेऊ नये.' सर्वांत मोठा शेरा सायकल दुकानवाल्या आसारामचा होता: 'शेवट बोगस.' ग्रंथपाल राधाकृष्णकाकांना तो म्हणाला, "काका, दीडशे पानं गडी नुसता चहा पितोय, आन् धरला त्याला बी सोडला! ह्याला कॅप्टन कुनी केला?"

काका हसले. मला हसू आलं नाही.

मग एका बाजारच्या दिवशी एसटीतून एक फौजी अधिकारी उतरला. टोपी, पट्टा, भरघोस मिशा. भर बाजारात त्याने आसारामच्या दुकानापुढे काठी आपटली. "या दुकानात दारूगोळा हाय! झडती द्या!"

"तू कोन?" आसारामने विचारलं.

"कॅप्टन!"

"कुठल्या पलटनीचा?"

"गुपित हाय!"

आसारामने सरळ मिशीला हात घातला. मिशी हातात आली.

"घातपाती!" कोणीतरी ओरडलं, आणि पुढचं सगळं गर्दीने केलं. त्याला फरफटत वाचनालयाच्या ओट्यावर आणलं, खांबाला बांधलं. ओठ फुटला होता. कोणी चप्पल काढली, आसारामने दुकानातून सायकलची चेन आणली. पांढराफटक पडलेला तो पोरगेला माणूस तरीही तेच म्हणत होता, "मी कॅप्टन हाय!"

मी दारातल्या टेबलावर पडले होते. मला हात असते तर मी त्या चेनीला धरलं असतं.

"पोलिसांना येऊ दे," राधाकृष्णकाका मध्ये उभे राहिले. "आसाराम, अरे पुस्तकातला कॅप्टनसुद्धा आधी चौकशी करतो."

"त्या भिकार पुस्तकाचं नाव काढू नका!"

समोर भज्यांची कढई लावणारी रतनबाई झारा घेऊनच वर आली. "कंच्या पुस्तकाचं? त्यात काय हुतं?"

"असाच एक खोट्या दाढीवाला," काका म्हणाले.

"मग? कोन निघाला त्यो?"

आसारामची चेन थांबली. "नाटकवाला," तो पुटपुटला. "सोडला त्याला. म्हनून तर बोगस."

रतनबाई खांबापाशी गेली. "लेकरा, सोंग असंल तर उतरव की. जीव जाईल!"

"बिदागी घेतल्याबिगर सोंग उतरवायचं न्हाई, मावशी. बापाची शपथ हाय."

रतनबाईने कढईतली ओंजळभर भजी आणून त्याच्या पुढ्यात धरली. "ही घे बिदागी. आता बोल."

त्याने बांधलेल्या हातांनीच सलाम ठोकायची धडपड केली. "मच्छिंद्र. गोरक्ष बहुरूप्याचा ल्योक. बाप औंदा अंथरुनाला खिळला, म्हनून मी आलो."

"आरं, गोरक्षचा व्हय तू!" गर्दीतून आवाज आले. दरसाल हवालदार होऊन येणाऱ्या त्याच्या बापाला सारा बाजार ओळखत होता. दोर आसारामनेच सोडला. मिशी मात्र त्याला परत देता येईना. ती गर्दीत तुडवली गेली होती.

तुम्हाला वाटेल, त्यानंतर माझा मान वाढला. छे! वाचनालयाच्या पुढच्याच सभेत ठरलं, कंटाळवाणी पुस्तकं काढून टाका. माझं नाव आसारामनेच पहिलं सुचवलं. काका एकटे नको म्हणाले. सध्या मी रंगनाथच्या किराणा दुकानात तिखटाच्या पुड्यांसाठी पडले आहे. त्याने पुढून पानं फाडायला सुरुवात केली आहे. मुखपृष्ठावरचा पूल गेला, पिस्तूल गेलं.

फाडा खुशाल! पूल उडवणारे जगात नाहीत, असं मी कधीच म्हटलं नाही. त्यांना शोधा, पुरावा आणा, कोर्टात उभं करा. पण वाचणाऱ्याची करमणूक व्हावी म्हणून एखादा माणूस खांबाला बांधून द्यायचा, हे मला कालही जमलं नाही आणि आजही जमणार नाही.

शेवटचं प्रकरण अजून शाबूत आहे. त्याची पुडी तुमच्या घरी आली तर तिखट डब्यात ओता आणि कागद वाचा. बोगस वाटला तर तसा शेरा मारा. दुसरा शेवट माझ्यापाशी नाही, आणि असता तरी मी तो दिला नसता.